युनियनसाठी सह्या गोळा केल्या आणि आता मलाच ऑफिसर करायला निघालेत, घेऊ का?

शिफ्ट_बी

नमस्कार मंडळी. खेड-चिपळूण पट्ट्यातल्या एका एमआयडीसीत केमिकल कंपनीत ऑपरेटर आहे, ९ वर्षं झाली. कंपनीचं नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील, पण त्यांनीही इथे लिहू नका प्लीज. परमनंट आम्ही ७० जण, कंत्राटी साधारण ११०.

गेल्या वर्षापासून ओव्हरटाइम सिंगल रेटने लावतायत, रिअॅक्टरवर तिघांच्या जागी दोघं, आणि कंत्राटी पोरांनी हातमोजे मागितले की "मागच्या महिन्यात दिले होते ना". म्हणून आम्ही तिघांनी युनियन काढायचं ठरवलं. दोनशे पानी वही आणली आणि मागच्या पानापासून सह्या घ्यायला लागलो, पुढच्या पानांवर क्रिकेट टीमची वर्गणी लिहिलीय, म्हणजे कुणी वही उघडली तर आधी तीच दिसेल. ३४ सह्या झाल्या. ३५वी घ्यायच्या आधीच एचआरला कळलं. कुणी सांगितलं माहीत नाही, आता कँटीनमध्ये शेजारी बसणाऱ्याकडेही संशयाने बघायला होतं आणि त्याचाच जास्त त्रास होतोय.

त्यानंतर पंधरा दिवसांत काय काय झालं बघा. मुंबईहून एक कन्सल्टंट आले, शर्ट इन केलेले, एकदम गोड बोलणारे. ड्युटी अवरमध्ये सगळ्यांना कँटीनमध्ये बसवलं, मिसळ होती, वर जिलबी पण, ९ वर्षांत जिलबी पहिल्यांदा पाहिली. मग पडद्यावर बंद पडलेल्या गिरण्यांचे फोटो. "आपण एक कुटुंब आहोत, कुटुंबात तिसरा माणूस कशाला?" असं चार वेळा तरी म्हणाले. लगेच इन्क्रिमेंट जाहीर, जे दोन वर्षं अडकलं होतं. आणि "कामगार कल्याण समिती" नावाचा चार पानी इंग्रजी फॉर्म वाटला, शनिवारपर्यंत सही करून द्यायचा.

माझ्या सोबतचा एक जण, वहीवर पहिली सही त्याचीच, त्याला गुजरातच्या प्लँटला बदलीचं पत्र. मला बोलावून म्हणाले तू ज्युनियर ऑफिसर हो, महिन्याला २,२०० जास्त. आणि सगळ्यात वर म्हणजे कंत्राटदार आमच्याच गावचा, भावकीतला, तो शिमग्यात पालखी घरी आली तेव्हा बाबांना बाजूला घेऊन म्हणाला, "पोराला सांभाळा हो, उद्या गावकीत तुमचंच नाव निघेल." बाबा तेव्हापासून गप्प आहेत.

प्रश्न दोन. ऑफिसरची पोस्ट घेऊ का? आणि फॉर्मवर सही करू का? बायको म्हणते २,२०० म्हणजे मुलीची वर्षाची फी सुटते, आणि तिचंही खोटं नाही.

---

देवबागचो_पोरगो

मेल्या, सही करू नको हां! आधी ता कागद वकिलाक दाखव. आणि वहीचे फोटो काढून ठेव, वही घरात ठेवू नको.

बाकी रात्री लिहितो, आता दुकानात गिऱ्हाईक आहे.

---

कामगार_चळवळ_निवृत्त

शिफ्ट_बी, मी रायगड जिल्ह्यात २६ वर्षं युनियनचं ऑफिस सांभाळलंय, म्हणजे झेंडा घेऊन पुढे चालणाऱ्यातला नाही, टाइप करणाऱ्यातला. तू जे लिहिलंस ते वाचताना मला क्रमसुद्धा पाठ होता. आधी गोड, मग समिती, मग पुढाऱ्याची बदली नाहीतर बढती, मग घरच्यांकडे निरोप. फक्त जिलबी नवीन आहे.

आता कामाचं. संघटना करायचा हक्क घटनेच्या १९व्या कलमातच आहे, कुणाची मेहेरबानी नाही. रजिस्ट्रेशनला अर्ज करायला किमान ७ जण लागतात आणि १० टक्के किंवा १०० कामगार, यातला कमी तो आकडा. तुमच्याकडे कंत्राटी धरले तरी १८० चे १० टक्के म्हणजे १८. तुझ्याकडे ३४ आहेत! तू ३५व्या सहीसाठी थांबलास आणि तेवढ्यात त्यांना पंधरा दिवस मिळाले, हे मात्र चुकलं.

दुसरं. त्यांनी जे जे केलंय त्याला कायद्यात नाव आहे, अनुचित कामगार प्रथा. महाराष्ट्रात यासाठी १९७१ चा वेगळा कायदा आहे, आम्ही त्याला इंग्रजी नावातल्या आद्याक्षरांवरून नुसतं "पल्प" म्हणायचो, आणि आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राचे जे चार लेबर कोड, म्हणजे नवे कामगार कायदे, लागू झाले त्यातल्या इंडस्ट्रियल रिलेशन्स कोडच्या शेवटीही अशीच यादी आहे. त्या यादीत काय आहे माहितीय? युनियनमध्ये गेलास तर कामावरून काढू अशी धमकी हे आहेच, पण *युनियन बांधायच्या ऐन वेळेला ती मोडायच्या हेतूने पगारवाढ देणं* हेही आहे. मालकाने स्वतः युनियन काढून देणं आहे. कंपनीची पॉलिसी म्हणून सांगत आकसाने बदली करणं आहे. वर्षानुवर्षं माणसाला टेम्पररी ठेवणं, कायमपणाचे फायदे मिळू नयेत म्हणून, तेही आहे. तुमचं इन्क्रिमेंट, समिती, बदली, सगळं लायनीत बसतं. तक्रार कुठल्या कायद्याखाली घालायची ते कामगार कोर्टात रोज उभा राहणारा वकील ठरवेल, पण लवकर जा, अशा तक्रारींना मुदत असते.

ऑफिसरचं पत्र हे सगळ्यात हुशार काम आहे आणि त्यात तू जवळजवळ अडकलायस. सुपरवायझरचं काम आणि पगार १८,००० च्या वर असेल तर नव्या कोडमध्ये तू "कामगार" राहतच नाहीस. म्हणजे तुला काढायची गरजच नाही, वरच्या खुर्चीत बसवला की झालं. आता कोर्ट हुद्द्याच्या नावावर जात नाही, हाताने काय काम करतोस ते बघतं, व्हॉल्व्ह तूच फिरवत असशील तर कागदावर ऑफिसर लिहून काही होत नाही. पण ते सिद्ध करण्यात वर्षं जातात. मी असे दोन "ऑफिसर" पाहिलेत, एकाला हाताखाली एकसुद्धा माणूस नव्हता, स्वतःच्या मशीनचाच ऑफिसर.

मित्राची बदली. आधी त्याचं अपॉइंटमेंट लेटर बघ, बदलीचं कलम आहे का. नसेल तर वेगळी गोष्ट. असेल तरी नुसता घरी बसू नकोस म्हणावं, गैरहजर दाखवून चार्जशीट देतात आणि मग मूळ मुद्दा राहतो बाजूला. लेखी कळवायचं, आकसाने बदली झालीय, हजर व्हायचंच झालं तर निषेध नोंदवून.

आणि चिडून सगळ्यांनी एकदम कॅज्युअल टाकू नका!! नव्या कोडमध्ये निम्मे किंवा जास्त कामगार ठरवून एकाच दिवशी कॅज्युअलवर गेले तर तो संपच धरतात, आणि संपाला आधी १४ दिवसांची नोटीस लागते. बऱ्याच ठिकाणी पोरं यातच फसणार आहेत.

---

पल्पवाला_राजापूर

आता माझ्या मागे लागतील सगळे, तरी लिहितो. माझं आंबा कॅनिंगचं छोटं युनिट आहे, सीझनला २२ माणसं. वर "पल्प कायदा" वाचून आधी वाटलं आमच्याच धंद्याबद्दल चाललंय 😄

सगळा दोष मालकाचाच असं नसतं हो. आंबा कोर्टाची तारीख बघून पिकत नाही. एका वर्षी ऐन मे महिन्यात बाहेरचा एक पुढारी आला, माझ्या माणसांना त्याचं आडनावही माहीत नव्हतं, गेटवर बोर्ड लावून गेला आणि दुसऱ्या दिवशी मला फोन, "शेठ, भेटून मिटवू." मिटवू म्हणजे काय ते सांगायला नको. शेडमध्ये चार टन आंबा पिकलेला. मी पैसे दिले. माझ्या माणसांच्या हातात त्यातला रुपया पडला नाही. मग मी युनियन या शब्दावर विश्वास कसा ठेवू? आणि काका, तुम्ही म्हणता त्या यादीत युनियनसाठीही गोष्टी आहेत, घेराव घालणं, मालकाच्या घरासमोर निदर्शनं करणं, तेही अनुचितच आहे, तेवढं सांगायचं राहिलं तुमचं.

पण एक कबूल करतो, नाव लपवून लिहितोय म्हणूनच. आमचा युनिटवाल्यांचा एक ग्रुप आहे. त्यावर पावसाची, डिझेलची, लेबरची चर्चा असते, आणि अधूनमधून नावं येतात. "हा तिकडून काढलेला आहे, घेऊ नका." कारण कुणी विचारत नाही. मीही विचारलं नाही कधी. गेल्या सीझनला एक चांगला बॉयलरवाला मी त्या एका मेसेजवर परत पाठवला आणि मग सबंध मे महिना बॉयलरची कटकट मी स्वतः काढली.

---

कामगार_चळवळ_निवृत्त

पल्पवाले, पैसे उकळणारे पुढारी मी तुमच्यापेक्षा जास्त पाहिलेत, त्यांनी आमचंच जास्त नुकसान केलं. यादीत दोन्ही बाजू आहेत हेही बरोबर, लिहायला हवं होतं.

पण तुमच्या ग्रुपबद्दल वाचून हसू आलं, रागावू नका. मुंबईच्या गिरणी मालकांनी आपली संघटना काढली १८७५ साली. नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांची सभा भरवली ती १८८४ ला, आणि रविवारची सुट्टी मिळाली १८९० च्या जूनमध्ये. म्हणजे आधी एकत्र आले ते मालक. त्यांच्या संघटनेला कुणी "तिसरा माणूस" म्हटलं नाही. आणि शिफ्ट_बीच्या कंपनीत कँटीनमध्ये येऊन बोलून गेलेला कन्सल्टंट कुठल्या कुटुंबातला होता?

---

कोलंबी_सोलणारी

मी रत्नागिरीला मासळीच्या कंपनीत होते, सहा वर्षं, आता नाहीये. तुमच्याकडे निदान वही तरी झाली. आमच्याकडे किलोवर पैसे, सोललेल्या कोलंबीचं वजन करून. बर्फाच्या पाण्यात हात, संध्याकाळी बोटं अशी होतात की भाकरी थापता येत नाही. ज्या दिवशी माल नाही त्या दिवशी पैसे नाहीत, पण यायचं मात्र सकाळी सहाला, माल येईपर्यंत बाकावर बसून राहायचं फुकट.

आम्ही १५ जणींनी ठरवलं की बसून राहिल्याचे पण पैसे मागायचे. युनियन बिनियन नाव पण घेतलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी काय झालं, आम्हाला कुणी ओरडलं नाही, काढलं नाही, काही नाही. फक्त आमच्या टेबलावर मोठा माल यायचा बंद झाला. बारीक कोलंबी सोलायला वेळ तेवढाच लागतो आणि वजन भरत नाही. आठ दिवसांत निम्म्या जणी म्हणाल्या नको बाई ते. पंधराव्या दिवशी मी एकटीच उरले होते. आणि टेबलं वाटणारी मुकादम आमच्याच वाडीतली, माझ्या लग्नात करवली होती ती. तिच्यावर मी रागावू पण शकत नाही, तिची पण पोरं शाळेत आहेत.

हे कुठल्या कायद्यात बसतं काका? कागदावर तर काहीच नाही, सगळं कोलंबीच्या साइझमध्ये केलं.

भाऊ, २,२०० चं मी सांगू शकत नाही, ते तुझ्या घरचं आहे. पण ऑफिसर झालास की त्या ३३ जणांना काय वाटेल ते आधी डोळ्यासमोर आण. मी एकटी उरल्यावर मला जे वाटलं ते लिहिता येत नाही.

---

देवबागचो_पोरगो

दुकान बंद केलं. आता लिहितो.

त्या कन्सल्टंटने गिरण्यांचे फोटो दाखवले ना, मग त्या गोष्टीचा पुढचा भाग पण ऐक. आमचे बाबा परळला बदली कामगार. रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, कुणी आला नाही तर त्याच्या जागी काम, नाहीतर घरी. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास माणसं बाहेर. संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंत आमच्याच देवबागचे, म्हणून "बाहेरचा पुढारी" म्हटलं की आमच्या घरात अजून वाद होतात, कुणासाठी बाहेरचा?

लोक म्हणतात संपाने गिरण्या मारल्या. पण संप झाला का, ते त्या स्लाइडवर नसणार. बाकीच्या मागण्यांबरोबर मोठी मागणी ही होती की १९४६ च्या मुंबईच्या कायद्याने एकच युनियन मान्यताप्राप्त, राष्ट्रीय मिल मजदूर संघ, बोलणी फक्त त्यांच्याशीच. कामगारांना दुसरा माणूस हवा होता, मालक आणि सरकार म्हणालं कायद्यात बसत नाही. म्हणजे युनियन मोडायला दर वेळेस युनियन नको असंच म्हणावं लागतं असं नाही, आपल्या सोयीची एक धरून ठेवली तरी भागतं. तुझी ती कल्याण समिती याच वळणाची दिसते. उद्या म्हणतील आमची बोलणी समितीशी झाली, तुम्ही कोण?

पण खोटं कशाला बोलू, आम्ही हरलो. तो संप रीतसर मागेसुद्धा घेतला गेला नाही कधी, तसाच विरला. बाबा गावी आले, आईचे दागिने गेले, वर्षभर मनीऑर्डर उलट्या दिशेने, म्हणजे गावातून मुंबईला तांदूळ. बाबा शेवटपर्यंत डॉक्टरांबद्दल वाईट बोलले नाहीत, पण मला आयटीआयला घालताना म्हणाले, "वहीत नाव घाल, गेटवर उभो रवू नको." म्हणून म्हणतो, रजिस्ट्रेशन कर, संपाची भाषा आत्ता नको.

---

जर्सीवाला_चुलत

मूळ गुहागरचा, इथे न्यू जर्सीत वेअरहाऊसमध्ये आहे. दोनच गोष्टी लिहितो कारण ब्रेक संपत आलाय.

ते "कुटुंब" आणि "तिसरा माणूस" मी इथे इंग्रजीत शब्दशः ऐकलंय, पिझ्झा खात. इथे युनियन होऊ न देणं हा धंदाच आहे, त्याचे कन्सल्टंट असतात, ते शिफ्टमध्ये मीटिंगा घेतात आणि त्या मीटिंगचे पैसे आपल्याला पगारातच मिळतात म्हणून कुणी उठत नाही. दुसरं, इथे १९४७ चा टॅफ्ट-हार्टले कायदा आहे, त्याने राज्यांना "राइट टू वर्क" करायची मुभा दिली. नाव ऐकून वाटतं कामाचा हक्क! अर्थ असा की युनियनने भांडून मिळवलेला करार सगळ्यांना लागू, पण वर्गणी द्यायची सक्ती कुणावर नाही. मग वर्गणी आटते आणि युनियन आपोआप वाळते. १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगनने संपावरचे ११,००० हून जास्त सरकारी एअर ट्रॅफिक कंट्रोलर दोन दिवसांत काढले, इथले जुने लोक अजून तो दिवस सांगतात, की त्यानंतर खाजगी मालकांचीही भीड चेपली.

---

कामगार_चळवळ_निवृत्त

ताई, तुमच्या कोलंबीच्या प्रश्नाला. भेदभाव करून युनियनला परावृत्त करणं हे यादीत आहे, त्यात बसवता येतं. पण सिद्ध करायला रोजच्या वजनाच्या पावत्या लागतील, आधीच्या आणि नंतरच्या, तुमच्या टेबलाच्या आणि बाजूच्या. ठेवल्या होत्या का?

काढलेल्यांचं पुढे काय होतं म्हणाल तर माझे मामा रेल्वेत होते. मे १९७४ चा संप, २० दिवस चालला, हजारोंना काढलं, त्यात मामा. तीन वर्षं त्यांनी पनवेलला वडापावची गाडी लावली. १९७७ ला आपल्या राजापूरचे खासदार मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि काढलेल्यांना परत घेतलं. मामा कामावर गेले पण गाडी काही बंद केली नाही, मामी चालवायची.

आणि शिफ्ट_बी, गावकीचं मुद्दाम शेवटी ठेवलं. वडील गप्प आहेत ना? त्यांना एवढंच सांग की सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रात २०१६ चा कायदा आहे, वाळीत टाकलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. कंत्राटदाराला हे बहुतेक माहीत असेल, म्हणूनच तो बैठकीत न बोलता पालखीच्या गर्दीत बाजूला घेऊन बोलला. आणि वडिलांना अलिबागजवळच्या चरीचं पण सांग. १९३३ ला नारायण नागू पाटलांबरोबर तिथल्या कुळांनी खोतांची जमीन कसायची नाही म्हणून ठरवलं आणि सहा वर्षं नाही कसली. तिथेही गावकीच होती, फक्त कुळांच्या बाजूला होती.

---

कोलंबी_सोलणारी

पावत्या नाहीत काका. ओल्या हाताने घेतलेल्या, शाई राहायचीच नाही.

---

पल्पवाला_राजापूर

ताई, तुम्हाला काम हवं असेल तर एप्रिल-मेला माझ्याकडे या, रोजावर, बसून राहिल्याचे पण पैसे. हे मी उपकार म्हणून नाही म्हणत, खरंच सोलणारी माणसं मिळत नाहीत. पण युनियन काढलीत तर आधी मला सांगा 😄

---

कोलंबी_सोलणारी

आधी सांगितलं तर तुम्ही जिलबी आणाल.

---

शिफ्ट_बी

सगळ्यांचे आभार, उशीर झाला, डबल शिफ्ट होती (सिंगल रेटने).

काय केलं ते लिहितो. मित्राने बदलीवर लेखी हरकत दिली, रजिस्टर पोस्टाने, त्याच्या लेटरमध्ये बदलीचं कलम आहे हो, पण "गरजेनुसार" असं लिहिलंय आणि त्या प्लँटला आमचं प्रोसेसच नाहीये, वकील म्हणाले हे कामाचं आहे. फॉर्म मी वकिलांकडून वाचून घेतला. तिसऱ्या पानावर बारीक अक्षरात होतं की समितीच्या सभासदाने पगाराच्या वाटाघाटी फक्त समितीमार्फत कराव्यात. देवबागवाले दादा, तुम्ही फॉर्म न बघता बरोबर ओळखलंत. शनिवारी १९ जणांनी कोरा परत दिला. १५ जणांनी सही केली, त्यात वहीवरचे पण आहेत, त्यांच्याशी मी नेहमीसारखाच बोलतोय, ताईंचं वाचल्यावर.

ऑफिसरला नाही म्हणालो. एचआर म्हणाले परत विचार कर. बायको दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी डब्यात घावणे दिले, म्हणजे बहुतेक मिटलंय.

बाबांना बहिष्काराच्या कायद्याचं सांगितलं तर म्हणाले, कायदा ठेव बाजूला, तो कंत्राटदार माझ्या वडिलांच्या वखारीत हमाल होता, मी बघतो त्याच्याकडे. काय बघणार आहेत देव जाणे, पण बोलले तरी.

अर्ज सोमवारी जातोय, २१ सह्यांवर. वही आता माझ्याकडे नाही आणि कुठे आहे ते इथे लिहीत नाही. क्रिकेटची वर्गणी ज्यांची राहिलीय त्यांनी मात्र मलाच द्या.